माळ्यावरचा कॅमेरा



पुष्कळ घरांच्या माळ्यावर, जुन्या पितळी भांड्यांच्या आणि सुतळीने बांधलेल्या पुस्तकांच्या संगतीत, चामडी पिशवीत घातलेला एखादा कॅमेरा पडलेला असतो. कुणी तरी तो मोठ्या हौसेने आणलेला असतो. घरातल्या मुंजी, लग्ने आणि बारशी त्याने टिपलेली असतात. पुढे दिवस बदलतात, छायाचित्रे घेण्याचे काम खिशातला फोन करू लागतो, आणि कॅमेरा माळ्यावर जातो. त्याला फेकून देण्याचे धैर्य कुणाला होत नाही, आणि तो उघडून पाहण्याची निकडही कुणाला वाटत नाही. असाच एक कॅमेरा काही दिवसांपूर्वी माझ्या हाती आला. तो पुन्हा चालता करताना मला जे समजले ते आज आपणांस सांगावयाचे आहे. त्या कामी माझ्या हातून जी एक चूक घडली तीही सांगावयाची आहे. कारण ती सहज टाळता येण्यासारखी होती.

हा कॅमेरा माझ्या वडिलांचा. व्यापारी जहाजावर नोकरीला असलेल्या माझ्या काकांनी तो जपानहून आणला होता. त्याचे नाव याशिका इलेक्ट्रो ३५. या मालिकेतला पहिला कॅमेरा १९६६ साली बाजारात आला. आमच्याकडचा जीएसएन हा नमुना १९७३ सालचा. हा कॅमेरा ज्या जातीचा आहे तिला रेंजफाइंडर म्हणतात. आपल्या भाषेत त्याला अंतरमापक कॅमेरा म्हणता येईल. दुरुस्तीकडे वळण्यापूर्वी ही जात काय आहे ते समजून घेणे इष्ट होईल. कारण यंत्र कसे चालते हे ठाऊक नसेल तर ते का चालत नाही हेही कळत नाही.

आपल्या दोन डोळ्यांमध्ये जे थोडेसे अंतर असते, त्याच्या साहाय्याने मेंदू समोरची वस्तू किती दूर आहे याचा अदमास घेतो. बोट नाकासमोर धरून एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा मिटून पाहावे. बोट जागचे हलल्यासारखे वाटते. बोट जवळ असेल तर ते अधिक हलते, दूर असेल तर कमी हलते. अंतरमापकाचे तत्त्व एवढेच आहे. कॅमेऱ्याच्या दर्शनी बाजूस, एकमेकींपासून काही अंतरावर, दोन खिडक्या असतात. एका खिडकीतून येणारा प्रकाश अर्धपारदर्शक आरशातून सरळ आपल्या डोळ्यापर्यंत येतो. दुसऱ्या खिडकीतला प्रकाश एका चिमुकल्या आरशावरून वळून त्याच अर्धपारदर्शक आरशावर पडतो. साहजिकच पाहणाऱ्याला मध्यभागीच्या पिवळसर ठिपक्यात एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंग फिरवले की एका तरफेच्या योगाने ही जोडणी हलते, आणि दोन्ही प्रतिमा सरकत सरकत एकमेकींवर येऊन बसतात. त्या तंतोतंत जुळल्या की भिंगही नेमके त्या अंतरावर लागलेले असते.

हे तत्त्व छायाचित्रकारांनी शोधलेले नाही. तोफखान्याला आणि आरमाराला लक्ष्याचे अंतर जाणण्यासाठी अशा यंत्रांची गरज होती, आणि ग्लासगोची बार अँड स्ट्राऊड ही कंपनी अशी यंत्रे बनवण्याबद्दल प्रसिद्ध होती. कॅमेऱ्यात भिंगाशी जोडलेला अंतरमापक प्रथम कोडॅकने १९१६ साली बसवला. ज्या लायका कॅमेऱ्याने ३५ मिलिमीटर फिल्मला प्रतिष्ठा मिळवून दिली, तो ऑस्कर बार्नाक यांचा कॅमेरा १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत लोकांपुढे आला तेव्हा त्यात ही सोय नव्हती. ती १९३२ सालच्या दुसऱ्या लायकात आली. त्याच वर्षी झाइस इकॉनचा कॉन्टॅक्सही आला. पुढे आरशाचे, म्हणजे ज्यात प्रत्यक्ष भिंगातूनच पाहता येते असे कॅमेरे निघाले; १९५९ सालच्या निकॉन एफनंतर व्यावसायिकांचा ओढा तिकडे गेला, आणि अंतरमापक कॅमेरे मुख्यतः हौशी कुटुंबवत्सल माणसांच्या हाती राहिले. या कॅमेऱ्यात उसळणारा आरसा नसतो, म्हणून त्याचा आवाज अगदी हलका येतो. त्याचा एक दोषही आहे. पाहण्याची खिडकी भिंगापासून वेगळी असल्यामुळे भिंगावरचे झाकण तसेच राहिले तरी पाहणाऱ्याला समोरचा देखावा छान दिसत राहतो. आमच्या घरातल्या एका मुंजीची निम्मी छायाचित्रे अशीच काळोखात गेलेली आहेत.

आता माझी चूक सांगतो. कॅमेरा हाती येताच मी तो गच्चीवर नेला, धूळ पुसली, आणि आत काय अवस्था आहे हे पाहण्यासाठी मागचे दार उघडले. आत फिल्म होती. मी दार तत्काळ मिटले. पण प्रकाशाला तत्काळ या शब्दाचा अर्थ कळत नाही. फाइल उघडण्यापूर्वी तिच्यावरची टिपणी वाचावी, हे मी आयुष्यभर इतरांना सांगत आलो आहे. कॅमेऱ्यावरही टिपणी असते. वरच्या बाजूला किती चित्रे घेऊन झाली हे दाखवणारा एक छोटा आकडा असतो, आणि दार उघडताच तो आपोआप आरंभाच्या खुणेवर परत जातो. म्हणजे वडिलांनी शेवटचे चित्र कितवे घेतले होते, ही माहितीही मी दार उघडण्याबरोबरच पुसून टाकली होती.

म्हणून जुना कॅमेरा हाती आल्यावर पहिली गोष्ट करावयाची ती ही: मागचे दार उघडू नये. डाव्या बाजूस फिल्म परत गुंडाळण्याची जी छोटी मूठ असते ती बाणाच्या दिशेने अगदी हलक्या हाताने फिरवावी. ती अडखळली, ताण जाणवला, तर आत फिल्म आहे असे समजावे. मग तळाशी असलेले बारीक बटण दाबून फिल्म सावकाश पुरती गुंडाळून घ्यावी, आणि मगच दार उघडावे. जुनी फिल्म ठिसूळ झालेली असते. घाई केली तर ती आत तुटते. तुटल्यासारखे वाटलेच, तर संपूर्ण काळोख्या खोलीत, किंवा जाणत्या माणसाकडून कॅमेरा उघडून घ्यावा.

त्या रोलचे पुढे काय झाले ते शेवटी सांगेन. आधी कॅमेऱ्याकडे वळू.

दुसरी तपासणी बॅटरीची. हा कॅमेरा विजेवर चालतो, आणि त्यात एक चकवा आहे. बॅटरी नसतानाही बटण दाबले की शटर उघडझाप करते, आवाज येतो, आणि मालकाला वाटते की यंत्र धडधाकट आहे. वस्तुतः त्या स्थितीत शटर केवळ सेकंदाच्या एक पंचशतांश या एकाच वेगाने चालते. बॅटरी असेल तेव्हा मात्र यंत्र स्वतः प्रकाश पाहून, सेकंदाच्या पंचशतांशापासून तीस सेकंदांपर्यंत हवा तो वेळ ठरवते. हे कसे घडते? दर्शनी भागावर कॅडमियम सल्फाइडचा एक डोळा आहे. त्यावर जितका उजेड अधिक, तितका विजेला होणारा अडथळा कमी. नळाखाली घागर ठेवावी, आणि उन्हात नळ मोठा सुटावा व सावलीत बारीक सुटावा, तसे हे आहे. घागर भरेपर्यंत विद्युत्‌चुंबक शटरची पाती उघडी धरून ठेवतो. घागर भरली की पाती मिटतात. उजेड भरपूर असेल तर घागर लवकर भरते, आणि चित्राला थोडाच प्रकाश मिळतो. वर दोन दिवे आहेत: प्रकाश अपुरा पडून हात हलण्याची भीती असेल तर पिवळा लागतो, आणि प्रकाश फाजील असेल तर तांबडा.

या कॅमेऱ्यासाठी ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी लागत असे. ती आता मिळत नाही, आणि मिळू नये हेच योग्य. जपानमधील मिनामाता या गावी कारखान्यातून समुद्रात सोडलेल्या पाऱ्याच्या संयुगाने मासे विषारी झाले आणि ते खाणारी माणसे पंगू झाली. त्या रोगाची अधिकृत नोंद १९५६ साली झाली. २०१३ साली पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याला याच गावाचे नाव दिले आहे. तेव्हा जुन्या बॅटरीच्या नावाने हळहळण्याचे कारण नाही. हल्ली मिळणारी ६ व्होल्टची लहान बॅटरी या कॅमेऱ्याला चालते. ती आकाराने बारीक असल्यामुळे तिच्याभोवती जाड कागदाची नळी गुंडाळावी लागते, आणि उरलेली जागा भरण्यासाठी एक स्प्रिंग घालावी लागते. इतर काही जुन्या कॅमेऱ्यांना १.३५ व्होल्टची पाऱ्याची चकती लागे; त्यांत कमी ऐकू येणाऱ्यांच्या यंत्रात घालतात ती जस्त-हवेची चकती घातली तरी काम भागते. बॅटरीच्या कप्प्यात पांढरे किंवा हिरवे किटण धरले असेल तर ते कापसाच्या बोळ्यावर थोडे व्हिनेगर घेऊन पुसावे, मग स्पिरिटने पुसून कोरडे करावे. आमच्या कॅमेऱ्यात हिरव्या किटणाने एका तारेचा जोड खाल्ला होता. तो नव्याने डाखावा लागला.

तिसरी गोष्ट म्हणजे प्रकाश अडवणाऱ्या पट्ट्या. मागच्या दाराच्या खाचांत काळा स्पंज बसवलेला असतो. चाळीस-पन्नास वर्षांत त्याचा डांबरासारखा चिकट लगदा होतो, आणि फटीतून प्रकाश आत शिरू लागतो. हे काम घरी करता येते. दाताच्या काडीने आणि स्पिरिटने तो लगदा चिकाटीने काढावा. पण काडी खाचेबाहेर घसरू देऊ नये, आणि आतल्या गुळगुळीत पट्टीला ओरखडा पडू देऊ नये. मग खाचेत काळी लोकर घट्ट बसवावी. आमच्या आईच्या विणकामाच्या पिशवीतला काळ्या लोकरीचा तुकडा त्या कामी उपयोगी पडला.

एवढे झाल्यावर माझ्या आवाक्यातले काम संपले. मी कॅमेरा घेऊन दिल्लीच्या चांदणी चौकातील कूचा चौधरीच्या बाजारात गेलो. तेथे कॅमेऱ्यांची दुकाने दाटीवाटीने आहेत. त्यांतल्या एका अरुंद जिन्याच्या वर एक वृद्ध कारागीर भेटले. त्यांनी कॅमेरा डोळ्याला लावला नाही, कानाला लावला. फिल्म ओढण्याचा दांडा दोनदा फिरवला आणि म्हणाले, "खट् आवाज येत नाही."

या वाक्याचा अर्थ मला पुढे समजला. या मालिकेच्या कॅमेऱ्यांत दांडा फिरवला की आतला एक भाग एका रबरी गादीवर येऊन आदळतो, आणि खट् असा आवाज होतो. ही गादी कालांतराने विरघळते. आवाज नाहीसा होतो, आणि शटरचे विद्युत्-संपर्क जेथे जुळावयाचे तेथे जुळेनासे होतात. मग यंत्र लहर लागेल तसे चालते. एवढा उत्कृष्ट कॅमेरा, पण त्याचे आरोग्य नखाएवढ्या रबराच्या तुकड्यावर अवलंबून! कारागिरांनी तो तुकडा बदलला. नव्या रबराची जाडी कागदाच्या जाडीइतकीही कमीअधिक झाली तर चालत नाही, म्हणून तीन वेळा घासून ते बसवावे लागले.

शटरची पाती तेलकट होऊन चिकटली होती. घरात शिवणयंत्राचे तेल असते, त्याचा एक थेंब सोडावा असा मोह मलाही झाला होता. सुदैवाने मी तो केला नव्हता. कॅमेऱ्याची पाती कोरडी असावी लागतात; तेल पडले की ती एकमेकांना धरून बसतात. अशा पात्यांवरचे तेल लायटरमध्ये घालतात त्या शुद्ध पेट्रोलसारख्या द्रवाने धुऊन काढावे लागते, आणि पुन्हा तेल घालावयाचे नसते.

भिंगाला बुरशी लागलेली होती. कोकणात, मुंबईत, गोव्यात, किंबहुना जेथे जेथे पावसाळा चार महिने मुक्काम करतो तेथे हा रोग ठरलेला. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू काचेवर पसरतात. बुरशी काचेवर नुसती बसत नाही. तिच्यातून निघणारे आम्ल काचेवरचा विशिष्ट थर आणि पुढे खुद्द काच खाते. लवकर साफ केले तर डाग जातो. उशीर झाला तर बुरशी जाते आणि तिची खूण काचेवर कायमची कोरलेली राहते. आमच्या भिंगाच्या कडेला अशी एक खूण राहिली आहे. या रोगाला आपण स्वतःच हातभार लावतो. कॅमेरा जपावा म्हणून आपण तो चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात कोंडतो; चामडे ओल धरते, आणि काळोख व ओल हेच बुरशीचे माहेर. त्यापेक्षा घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून कॅमेरा ठेवावा, आणि महिन्यातून एकदा बाहेर काढून हवा-उजेड दाखवावा, शटर दहावीस वेळा चालवावे.

शेवटी अंतरमापक. वरचे झाकण काढल्यावर तो अर्धपारदर्शक आरसा दिसला. त्यावर धुळीचा आणि धुराचा थर होता. मी तो पुसण्यासाठी रुमाल पुढे केला, तेव्हा कारागिरांनी माझा हात धरला. ते म्हणाले, "साहेब, पुसाल तर आरसा स्वच्छ होईल खरा, पण मग त्यात दिसावयाचे काही उरणार नाही." त्या आरशावरचा धातूचा थर इतका पातळ असतो की जुना झाल्यावर तो कापसाच्या स्पर्शानेही निघून येतो. त्यांनी फुंकणीने धूळ उडवली, एका कोपऱ्यावर ओलसर बोळा टेकवून पाहिला, आणि थर टिकतो आहे अशी खात्री झाल्यावरच पुढचा भाग साफ केला. ज्या कामाला मला अर्धा मिनिट लागला असता, त्याला त्यांना पाऊण तास लागला.

मग दोन प्रतिमा जुळवण्याचे काम आले. येथे दोन दोष संभवतात. एक प्रतिमा दुसरीच्या वर किंवा खाली राहते. किंवा भिंग अनंत अंतराच्या खुणेवर असतानाही दूरची वस्तू दुहेरी दिसते. दोन्हींसाठी निरनिराळे बारीक स्क्रू असतात. अनंत अंतरासाठी कशाकडे पाहावे? एखादा दूरचा मनोरा चालतो. पण कारागिरांनी मला सांगितले की घरी गेल्यावर चंद्राकडे पाहा. चंद्र सरासरी ३,८४,००० किलोमीटर दूर आहे. कॅमेऱ्याच्या दृष्टीने यापेक्षा अनंत असे काही नाही. त्या रात्री गच्चीवरून पाहिले तो खिडकीत एकच चंद्र दिसला. मग जवळच्या अंतरासाठी टेपने बरोबर एक मीटर मोजून वर्तमानपत्र लावले, अक्षरे जुळवली, आणि भिंगावरचा आकडाही एकावरच होता.

आता चाचणीचा रोल. फिल्म महाग आहे आणि कुठल्याही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. उटकमंडला हिंदुस्तान फोटो फिल्म्स हा सरकारी कारखाना इंदू नावाची कृष्णधवल फिल्म बनवीत असे. तोही बंद पडला. तथापि परदेशी फिल्म आजही मिळते. पहिला रोल लग्नकार्यात वापरू नये. तो कृष्णधवल घ्यावा, आणि प्रत्येक चित्रासाठी वहीत ओळ लिहावी: ऊन की सावली, भिंगाचे छिद्र किती, अंतर किती, कोणता दिवा लागला. रोल धुऊन आला की वही आणि निगेटिव्ह शेजारी ठेवावी. सर्व चित्रे सारखीच फिकट असतील तर दोष मोजणीत आहे. एखादेच अवचित बिघडले असेल तर दोष संपर्कात आहे. कडेने धुरकट पट्टा असेल तर लोकर नीट बसलेली नाही. माझ्या पहिल्या रोलमध्ये छत्तीसपैकी चार चित्रांवर असा पट्टा आला. मी बिजागरीजवळची लोकर बदलली.

आता त्या जुन्या रोलविषयी. तो रंगीत निगेटिव्ह फिल्मचा होता. ही फिल्म धुण्याची १९७२ पासून रूढ असलेली सी-४१ प्रक्रिया आजही चालू आहे, म्हणून आशा होती. तो कोडाक्रोम असता तर त्याचे रंग आता कुणालाच काढता आले नसते; ती प्रक्रिया २०१० अखेर जगात सर्वत्र बंद झाली. इतक्या जुन्या फिल्मवरचे रंग बहुधा उडालेले असतात, म्हणून जाणत्यांच्या सल्ल्याने मी ती कृष्णधवल फिल्मच्या औषधात धुऊन घेतली.

दार उघडते तेव्हा फिल्मचे काय होते हे त्या दिवशी डोळ्यांना दिसले. घेऊन झालेली चित्रे उजवीकडच्या रिळावर एकावर एक गुंडाळलेली असतात. बाहेरच्या वेढ्यांवर प्रकाश सरळ पडतो. आतल्या वेढ्यांना बाहेरचे वेढे थोडेफार झाकून घेतात. म्हणजे सर्वांत आधी घेतलेली चित्रे वाचतात, आणि सर्वांत शेवटी घेतलेली जातात. आमची नऊ चित्रे वाचली. कडा काळवंडलेल्या, पण मधला भाग शाबूत. एकात गच्चीवर वाळत घातलेल्या पापडांच्या राखणीला बसलेली आई आहे. एकात मी आणि माझी बहीण सायकलवर आहोत, आणि सायकल धरलेला वडिलांचा हात तेवढा चित्राच्या काठावर आहे. म्हणजे ते चित्र आईने घेतले असले पाहिजे. वडिलांचे चित्र असे त्या रोलमध्ये तेवढेच. त्यापुढची फिल्म कोरी काळी आहे.

आईने सगळी चित्रे दोनदा पाहिली. मग त्या काळ्या पट्टीवर बोट ठेवून तिने विचारले, "आणि रे, ही कोणती होती?" मला सांगता आले नाही. वडील असते तर त्यांना आठवले असते.

कॅमेरा आता चांगला चालतो. आईचे एक चित्र मी परवाच घेतले. प्रतिमा जुळेपर्यंत तिला थोडे थांबावे लागले, आणि तेवढ्या वेळात ती दोनदा म्हणाली की वडीलही असाच उशीर लावीत. आपल्यापैकी कुणाच्या माळ्यावर असा कॅमेरा असेल तर तो जरूर खाली काढावा. कारागीर अजून आहेत, पण ते फार काळ असतील असे नाही. मात्र खाली काढल्यावर मागच्या दाराला हात लावण्यापूर्वी ती डावीकडची छोटी मूठ एकदा हलक्या हाताने फिरवून पाहावी.